अक्काच्या चुलीवरचे पाच धोंडे

लिंबाजीच्या शेतात धोंडे पिकतात, हे औरादच्या बाजाराला येणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. सात एकर माळ. खाली मुरूम, वर धोंडे, आणि दोन्हींच्या मधे जी काही माती उरेल तिच्यात लिंबाजीची ज्वारी. त्याच्या बापानं जन्मभर धोंडे वेचून बांधावर टाकले, मग लिंबाजीनं जन्मभर टाकले, पण पावसाळा सरला की नवे वर यायचे. खाली बसून कुणीतरी पुरवतंय म्हणा. आजोबाला हा जाच नव्हता. तो मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचा. फिरत्या धनगराला धोंडा लागतो तो टेकायला. जमीन घेऊन एका जागी बसायची हुशारी बापाची, आणि त्या हुशारीचं पीक लिंबाजीच्या कंबरेत आलं होतं.

अशा शेताला गिऱ्हाईक येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण भालकीकडचा संगमेश्वर एक दिवस जीपमधून उतरला. त्याचा खडीचा कारखाना होता, आणि नव्या रस्त्याला खडी लागणार होती. लोक बागायत बघतात तशा नजरेनं तो धोंड्यांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, शेत लई ताकदीचं हाय, काका. लिंबाजीच्या शेताचं कौतुक त्या दिवशी पहिल्यांदा झालं, आणि माणूस कौतुकाला किती भुकेला असतो हे त्यालाही त्याच दिवशी कळलं. संगमेश्वर सगळा माळ घेणार, चाळीस फूट खोल खणणार, फोडणार, दळणार आणि नेणार. लिंबाजीचं वय बासष्ट. मुलगा सुनीलकुमार हैदराबादला, त्याला ज्वारी फक्त भाकरीच्या रूपात ओळखू यायची. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

तरी तो म्हणाला, "येळवस हू द्या, अण्णा. मग सांगतो."

यावर संगमेश्वरनंही ताणून धरलं नाही, कारण तोही त्याच मुलखातला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घरदार शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच धोंडे चुना लावून मांडतात. ते पांडव. त्यांना कडधान्य-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचा नैवेद्य होतो, शेताला चारी बाजूंनी आंबील शिंपडतात, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. जेवायला नाही म्हणणं हा त्या दिवशीचा एकमेव गुन्हा. शेताला जेवू घातल्याशिवाय शेताबद्दल निकाल करायचा नाही, एवढं तिकडं शेत विकणाऱ्यालाही कळतं. पुष्कळ घरी पांडव ठरलेले असतात, पिढ्यान्‌पिढ्या तेच. लिंबाजीच्या घरी तसं नव्हतं. त्या साली वर आलेल्या धोंड्यांतून चांगल्या बुडाचे पाच निवडायचे, आणि सांज झाली की परत ढिगात ठेवायचे. एवढा माल हाताशी असताना जुनेच कशाला वापरायचे, हा बापाचा विचार.

बायको बाणूबाई या व्यवहारावर काहीच बोलली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात लिंबाजी एवढं शिकला होता, की ती काही बोलली नाही तर तो विरोध असतो. बोलली तरी तो विरोधच असतो, पण मग जेवण तरी वेळेवर मिळतं.

आणि नेमकी त्याच येळवशीच्या दिवसांतली मुलीनं विमानाची तिकिटं पाठवली.

धनलक्ष्मीनं कलबुर्गीला दगडांचं शिक्षण घेतलं, म्हणजे भूगर्भशास्त्राचं. घरी एवढे धोंडे असताना त्यासाठी शहरात राहावं लागतं, याचं लिंबाजीला तेव्हा नवल वाटलं होतं. पुढं ती परदेशी गेली, आणि आता भर समुद्रातल्या एका बेटावर तिला नोकरी होती. बेटावर एक जळका डोंगर होता. त्याला कधी ताप येतो, कधी कापरं भरतं, ते यंत्रं लावून बघत राहायचं, हे तिचं काम. बेटाचं नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून सगळे त्याला "धनलक्ष्मीचं बेट" म्हणायचे. बाहेरच्याला वाटावं, पोरीनं खरेदीखत करून घेतलंय. तिकिटं काढताना तिनं विमानाचे दर बघितले, पंचांग बघितलं नाही. बाणूबाईनं येळवशीची सगळी जबाबदारी पुतण्या तिप्पण्णावर सोपवली आणि त्याला चार दिवस सूचना दिल्या. चौथ्या दिवशी तिप्पण्णा म्हणाला, काकू, तुमी जातच नसाल तर बरं हुईल.

बाणूबाईच्या पिशवीत ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, पावटा, तूर, हरभरा, तीळ, गूळ. लिंबाजीच्या पिशवीत तंबाखू आणि चुन्याच्या वीस पुड्या, रोजाला एक. हैदराबादच्या विमानतळावर त्या पांढऱ्या पुड्यांची तीन माणसांनी चौकशी केली. लिंबाजीनं तिथल्या तिथं मळून दाखवली. तिघांतला एक बसवकल्याणचा निघाला. त्यानं साहेबांना काहीतरी सांगितलं आणि स्वतः एक चिमूट घेतली.

दोन मोठी विमानं आणि एक बारकं, असं करून ती दोघं बेटावर उतरली. बारक्या विमानाला पंखे होते, आणि बाणूबाईनं देवाचं नाव घेतलं ते फक्त त्या विमानात.

खिडकीतून बेट दिसलं तेव्हा लिंबाजीला वाटलं, कुणीतरी पाण्यात काळं ढेकूळ टाकलंय आणि ते अजून विरघळलं नाही. जवळ गेल्यावर ढेकळाला घरं फुटली. पहिले चार दिवस धनलक्ष्मीनं दोघांना जीपमधून गावोगाव फिरवलं. गावं म्हणजे केवढी, तर एक अकरा घरांचं. पुढं होड्या, मागं कडा, मधे अकरा घरं, आणि अकराही दारांना वेगवेगळा रंग. होड्यांतली माणसं यांना बघून उठली, हात पुसले आणि तळलेला मासा पुढं केला. दुसऱ्या गावात एक दुकान, एक घंटा आणि घंटेखाली बसलेले सात म्हातारे. लिंबाजीनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, त्यांनी याच्याकडं बघून मान हलवली. पारावरच्या माणसांना भाषेचं काम नसतं. अर्धा तास तो त्यांच्यात बसला आणि उठताना त्याला वाटलं, बातम्या सगळ्या कळल्या.

पण खरा जीव त्याचा जडला भिंतींवर. बेटावर सगळीकडं काळ्या धोंड्यांच्या भिंती होत्या. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. धोंड्यात धोंडा अडकवून उभ्या. समुद्राचं वारं माणसाला ढकलत होतं, भिंत मात्र हलत नव्हती. लिंबाजी जीप थांबवायला लावायचा, खाली उतरायचा आणि भिंतीवरून हात फिरवायचा. लोक चांगल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. यांनीही धोंडेच वेचले होते. फरक एवढाच, की यांनी उचललेला प्रत्येक धोंडा कुठंतरी कामाला लावला होता. आणि आपण, लिंबाजीच्या मनात आलं, आपण साठ वर्षं नुसते फेकले.

"अप्पा, ह्यो तुमच्या शेतातलाच धोंडा हाय," धनलक्ष्मी म्हणाली.

लिंबाजीला वाटलं पोर चेष्टा करायलीय. पण तिनं नीट सांगितलं. आपल्याकडंही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून असाच तापलेल्या दगडाचा रस वाहिला होता. पार नाशकापासून बीदरपर्यंत. थरावर थर. तो थंड झाला, फुटला, झिजला. त्याची काळी माती झाली आणि उरले ते धोंडे. लिंबाजीनं भिंतीवर परत एकदा हात ठेवला. त्याच्या शेताला कुणी आजवर एवढं मोठं खानदान जोडलं नव्हतं.

"साडेसहा कोटी," तो म्हणाला. "आन ह्यांचं?"

"ह्या भिंतीचं असंल पाचशे वर्षांचं. वर डोंगरात जाऊ तिथलं धा वर्षांचं."

त्यानंतर लिंबाजीची चाल बदलली, असं बाणूबाईचं म्हणणं. मोठ्या भावाच्या घरचा माणूस धाकट्याच्या घरी पाहुणा जातो, तसा तो बेटावर फिरायला लागला.

पाचव्या दिवशी तिघं डोंगरातल्या गावात गेली. गाव कुठं होतं, तर डोंगराच्या परातीत. भोवती उंच कडा, मधे काळं मैदान, आणि मैदानाच्या मधोमध तो शंकू, माथ्यावर पिवळट डाग पडलेला. मैदानावर दहा वर्षांपूर्वीचा रस गोठून पडला होता. कुठं दोरखंडाची वेटोळी घालून ठेवावीत तसा, तर कुठं करपून घट्ट झालेल्या पिठल्यासारखा, आणि कुठं नांगरून ठेवलेल्या रानासारखा उलटासुलटा, पण ढेकूळ हातात घ्यावं तर कातडी सोलणारं. झाड नाही, पाखरू नाही. एका ठिकाणी काळ्या खडकातून छपराचा कोपरा बाहेर आला होता. एका ठिकाणी दाराची नुसती चौकट, आणि दारात गुडघाभर गोठलेला रस, अर्धा आत, अर्धा बाहेर, आत जावं का नको असा विचार करत थांबल्यासारखा.

आणि त्याच खडकावर, वरच्या अंगाला, नवी घरं. धुराडी चालू होती. कोंबड्या होत्या. कुणीतरी वाळत घातलेला लाल परकर वाऱ्यावर उडत होता. लिंबाजी उभाच राहिला. पृथ्वीनं एकदा थेट तोंडावर नाही म्हटल्यावरही जी माणसं त्याच दारात परत येऊन बसतात, त्यांना मूर्ख म्हणावं की काय म्हणावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं टोपी काढली आणि काखेत धरली. घरी तो टोपी फक्त देवळात आणि तहसीलदारापुढं काढायचा, आणि तहसीलदारापुढं नाइलाजानं.

ज्या म्हातारीच्या घरी मुक्काम होता ती सत्तरीची, काटकुळी, डोक्याला रुमाल बांधलेली. डोंगर बघायला येणाऱ्यांना ती एक खोली द्यायची. बाणूबाईनं पहिल्या अर्ध्या तासात तिला "अक्का" केलं आणि म्हातारीनं ते मान्य करून टाकलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्यामुळं भांडण व्हायला जागा नव्हती आणि बोलणं दिवसभर चालायचं. अक्कानं शेळीच्या दुधाचं घट्ट पांढरं चीज कापून दिलं. बाणूबाईनं भाकरी थापून दाखवली. अक्काच्या सात शेळ्या होत्या. लिंबाजीनं आजोबाच्या तऱ्हेनं जीभ टाळ्याला लावून चुचकारलं, तशा सातही त्याच्याकडं चालत आल्या. अक्कानं त्या दिवसापासून त्याला दुसऱ्यांदा वाढायला सुरुवात केली.

अक्काचं रान घरामागं होतं. रान म्हणजे काळा रवा. त्यात माणसाच्या कमरेएवढे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक द्राक्षाचा वेल, आणि प्रत्येक वेलाला वाऱ्याच्या बाजूनं धोंड्यांची अर्धगोल भिंत. तान्ह्या लेकराभोवती हात धरावा तशी. विहीर नाही, ओढा नाही. रातच्या दवावर ते वेल जगत होते. लिंबाजीनं मोजायला सुरुवात केली आणि तीनशेच्या पुढं सोडून दिलं.

त्यानं धनलक्ष्मीला विचारायला लावलं: रस आला तेव्हा सरकारनं तुला काही दिलं नाही का? अक्का म्हणाली, दिलं की. खाली समुद्राकाठी घर दिलं. पांढरं. एका रांगेत. नळ होता. अकरा महिने राहिले आणि वर आले. इथला खडक तेव्हा अजून ऊन होता, चपलांचे तळ चिकटायचे. तरी पहिली खोली बांधली.

"कामून आली पर परत?" लिंबाजीनं विचारलं.

धनलक्ष्मीनं विचारून सांगितलं, "म्हनती, तिथली फरशी थंड व्हती."

लिंबाजीला हे पटलंही नाही आणि डोक्यातून गेलंही नाही. बदल्यात त्यानंही एक कळवलं, की तुमचं अजून ताजं हाय, आमचं साडेसहा कोटी वर्षं मुरलंय. अक्कानं आदरानं ऐकून घेतलं आणि आम्हाला घाई नाही, असा निरोप दिला.

दोन दिवसांनी येळवस आली. धनलक्ष्मीला पहाटेच यंत्रं बघायला वर जावं लागलं; दुपारी येते म्हणाली. बाणूबाई अंधारातच उठली होती. पावटा, तूर, हरभरा घालून, अक्काकडून मिळालेला पाला घालून भज्जी शिजवली. उंडे वाफवले. शेळीच्या ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील आदल्या दिवशीच आंबवून ठेवली होती. मग ती लिंबाजीसमोर येऊन उभी राहिली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा शेताच्या विषयावर बोलली.

"आपल्या शेताची शेवटची येळवस, आन आपून इथं. तिप्पण्णा काय करायलाय देव जाने. मी आज उपाशी न्हाई ऱ्हायची आन जमिनीलाबी न्हाई ठेवायची. कोप घाला."

"कुनाच्या शेतात?"

"अक्काच्या. धोंडे तेच हायत म्हनं ना?"

बापलेकीच्या विद्वत्तेचा असा उपयोग होईल हे लिंबाजीच्या ध्यानात आलं नव्हतं. पण मुद्दा बिनतोड होता. अक्का शेळ्या घेऊन गेली होती. कडबा नव्हता, म्हणून त्यानं छाटलेल्या वेलांच्या काड्या बांधून पाच पेंढ्या उभ्या केल्या. राहिले पांडव. रानात भिंतीला हात लावणं त्याला बरं वाटेना. रचलेली भिंत कुणाची मेहनत असते. पण रानाच्या कडेला, उघड्या खडकावर, एक सुटा ढीग होता. दहाएक धोंडे. कशाला टेकलेले नाहीत, कशाला आडोसा नाहीत. आणि एकेक असा देखणा, बुडाला सपाट, वर गोलवा, की लिंबाजीनं मनात म्हटलं, हे तर पांडवासाठीच वेचून ठेवलेत. वरचे पाच त्यानं उचलले. उचलताना सवयीनं बघून घेतलं, कोणता कशावर बसला होता.

मग चुना. वीस पुड्यांतल्या तेरा शिल्लक होत्या. पाच पांडवांना त्या तेराही लागल्या, कारण तिथला धोंडा नवा, भोकाभोकाचा, चुना पिऊन टाकणारा. पुढच्या तेरा दिवसांची तंबाखू कोरडी गेली. आजवर देवासाठी लिंबाजीनं केलेला हा सगळ्यात मोठा त्याग. तो बाणूबाईनं पाहिला आणि मोजला नाही.

पांडव मांडले. नैवेद्य दाखवला. लिंबाजीनं आंबिलीचा गडू घेतला आणि खड्ड्याखड्ड्यातून, वेलावेलावर शिंपडत, "ओलगे ओलगे" अशी आरोळी देत रानाला फेरी घातली. या आरोळीचा अर्थ औरादेतही कुणाला नीट सांगता येत नाही, त्यामुळं परमुलखात तिचं काही बिघडलं नाही. फेरी पुरी करून तो वळला, तर अक्का उभी होती.

ती त्याच्याकडं बघत नव्हती. उघड्या खडकावर राहिलेल्या पाच धोंड्यांकडं बघत होती. मग कोपीतल्या पाच पांढऱ्यांकडं बघितलं.  रुमालाची गाठ सोडली, परत बांधली, आणि खाली खडकावर बसली. बाणूबाई तिच्याकडं निघाली आणि मधेच थांबली. न बोलण्याचे प्रकार बाणूबाईला ओळखता येत होते, आणि हा प्रकार तिच्याही ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. धनलक्ष्मी उतरली, ढीग बघितला, कोप बघितली, आणि तिचा चेहरा उतरला.

"अप्पा, हे कुठनं घेतलं?"

त्यानं बोट दाखवलं.

"त्याच्या बरोबर खाली, अकरा हातांवर, तिची चूल हाय," धनलक्ष्मी हळू आवाजात म्हणाली. "जुन्या घराची. रस आला त्या दिवशी दर साली घरातली माणसं एक धोंडा आनून ठिवत्यात. घर कुठं व्हतं ते इसरू नये म्हनून. धा सालांचे धा धोंडे. त्यातले दोन तिच्या नवऱ्यानं ठिवलेले. त्यो आता न्हाई."

लिंबाजीच्या हातातला गडू तसाच राहिला. जन्मात त्यानं किती धोंडे उचलले याचा हिशेब नव्हता, पण सुट्या धोंड्यालाही कुणी धनी असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं टोपी काढली आणि अक्कासमोर खाली बसला, उकिडवा. पोरीला म्हणाला, सांग तिला, मी आत्ता ठिवतो परत. कोनता कशावर व्हता मला ठाव हाय. चुनाबी घासून काढतो.

धनलक्ष्मीनं सांगितलं. अक्कानं कोपीकडं बोट करून एक प्रश्न विचारला.

"इचारती, ह्ये काय हाय? पांढरे कामून केले?"

आता पांडव कसे सांगायचे? लिंबाजीनं विचार केला. "सांग, पाच भाऊ व्हते. घर गेलं त्यांचं. रानोमाळ हिंडले. त्यांला आमी सालातून एकदा शेतात बोलावतो आन जेवू घालतो."

घर कुणामुळं गेलं, आणि परत मिळवताना काय काय झालं, तो भाऊबंदकीचा भाग त्यानं गाळला. परमुलखात घरची अब्रू कशाला काढा.

"इचारती, परत आले का ते घरी?"

"आले की. तेरा सालांनी."

अक्कानं पांढऱ्या धोंड्यांकडं बघितलं. मग पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"म्हनती, आमी अकरा महिन्यांत आलो."

"तिला म्हनावं," लिंबाजी म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला, "पांडवांलाबी जमलं न्हाई ते तुमी केलंत."

बाणूबाईला एवढं पुरेसं झालं. तिनं अक्काला हाताला धरून उठवलं, कोपीपुढं नेलं आणि खाली बसवून पुढ्यात ताट ठेवलं. आज नाही म्हणता येत नाही, हे तिनं भाषेशिवाय समजावलं. अक्कानं भज्जी खाल्ली. उंडा मोडून बघितला, वास घेतला, खाल्ला. आंबिलीचा घोट घेऊन तिनं डोळे बारीक केले आणि गडू पुढं केला, अजून. शेळ्या आल्या. शेजारच्या दोन घरांतली माणसं काय चाललंय बघायला आली, त्यांनाही बसवलं. लिंबाजीचा फोन वाजायला लागला. संगमेश्वर होता. तिकडं दिवे लागले असतील, येळवस उरकली असेल, शब्दाप्रमाणं माणूस विचारणारच. लिंबाजीनं फोन उलटा करून खडकावर ठेवला. जेवताना तो व्यवहाराचं बोलत नसे. या नियमाची आठवण त्याला त्याच दिवशी झाली.

सांज झाली तशी त्यानं पांडव उठवले. पाण्याची घागर आणि ब्रश मागितला, तर अक्कानं मान हलवली. चुना राहू दे. लिंबाजीनं एकेक धोंडा ज्याच्या त्याच्या जागी बसवला. कोणता कशावर, कोणत्या अंगानं, कुठं टेकण होतं, एकही चुकला नाही. अक्का जवळ आली आणि तिनं प्रत्येकाला पायानं रेटा देऊन बघितलं. एकही डुगडुगला नाही. तिनं लिंबाजीकडं बघितलं, एका कारागिरानं दुसऱ्याकडं बघावं तसं, आणि त्याच्या खांद्यावर दोन थापा दिल्या. हैदराबादपासून तिथपर्यंत त्याच्या पासपोर्टवर बसलेल्या सगळ्या शिक्क्यांपेक्षा त्या दोन थापा त्याला जास्त कामाच्या वाटल्या.

काळ्या मैदानात तो ढीग आता लांबून दिसायचा. अक्काची चूल कुठं आहे हे डोंगराच्या माथ्यावरूनही कळायचं. तिसऱ्या दिवशी एक वाटाड्या परदेशी मंडळींना घेऊन आला, ढिगापाशी थांबला आणि हातवारे करून बरंच काही बोलला. सगळ्यांनी फोटो काढले. काय म्हनायलाय, लिंबाजीनं विचारलं. धनलक्ष्मी म्हणाली, इथल्या लोकांची फार पुरातन चाल आहे, असं सांगायलाय. अक्का दारात उभी होती. तिनं वाटाड्याला दुरुस्त केलं नाही.

लिंबाजी त्या वेळी एका नव्या खड्ड्याशी बसून अर्धगोल भिंत कशी वळवायची ते शिकत होता. पहिला धोंडा आतल्या अंगाला कलता. दुसरा त्याच्या खांद्यावर. फोन वाजला. या वेळी त्यानं उचलला.

संगमेश्वरनं आधी तब्येतपाणी विचारलं, बेट कसं हाय विचारलं, आणि मग यंत्र उतरवायची तारीख विचारली.

"अण्णा, धोंडे द्यायचे न्हाईत," लिंबाजी म्हणाला.

पलीकडून लगेच, "कामून हो काका? दुसरं गिऱ्हाईक आलं का?"

"न्हाई. पांडव त्यातलेच हायत."

संगमेश्वर धंद्यातला माणूस होता. देवाधर्माचा मान ठेवून वाट कशी काढायची हे त्याला येत होतं. "बरं मग, पाच काढून ठिवा. पांडव पाचच लागत्यात. बाकीचे द्या की."

लिंबाजीनं हातातला धोंडा फिरवून बघितला. बूड चांगलं होतं. त्यानं तो भिंतीत बसवला आणि रेटा देऊन बघितला.

"ते खरं हाय, अण्णा," तो म्हणाला. "पर फुडल्या साली कोनते पाच वर येतील, ते आत्ता कसं सांगू?"

मागं उभ्या बाणूबाईनं एवढंच ऐकलं. ती आत गेली, आणि त्या दिवशी जेवण तासभर लवकर झालं.